गाडी चालवता येते. शिकवता येते का?

मोटार चालवायला शिकवणाऱ्या माणसाकडे काय काय असावे, याची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील चोविसाव्या नियमात दिलेली आहे. तो किमान दहावी उत्तीर्ण असावा. वाहन चालवण्याचा निदान पाच वर्षांचा अनुभव असावा. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम केल्याचे प्रमाणपत्र किंवा मेकॅनिकल इंजिनीअरिंगमधली त्याहून वरची पात्रता असावी. वाहतुकीच्या चिन्हांची पक्की माहिती असावी, गाडीचे भाग दाखवून त्यांचे काम समजावून सांगता यावे, आणि इंग्रजी किंवा त्या भागातली भाषा पुरेशी यावी. या माणसाला गाडी चालवता येते का आणि बिघडली तर कळते का, हे नियम बारकाईने विचारतो. नवख्या माणसाला शिकवता येते का, हे मात्र कुठेच विचारत नाही. समजावून सांगण्याची एकच अट आहे, तीही गिअरबॉक्सबद्दल, चौकाबद्दल नाही.

हा नियम झाला त्या काळाचा विचार केला तर यात नवल काही नाही. रस्त्यावर अँबेसेडर आणि पद्मिनी होत्या, गाडी घाटात गरम होऊन थांबणे ही रोजची गोष्ट होती आणि चालकाला थोडेफार मेकॅनिकचे काम यावेच लागे. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये इंजिन व गिअरबॉक्सचे कापून दाखवलेले नमुने असावेत, पंक्चर काढण्याचे साहित्य असावे, ही अट त्याच काळातली. आज बॉनेट उघडले तरी चालकाला हात लावण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. गाड्या बदलल्या, रस्ते बदलले, वेग वाढला. शिकवणाऱ्याच्या पात्रतेची ही यादी मात्र आजही त्याच वळणाची आहे.

पहिलीच्या मुलाला मुळाक्षरे शिकवायची तर डी.एड. लागते, वर शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी लागते. ती व्यवस्था निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. पण स्वतःला वाचता येणे आणि दुसऱ्याला वाचायला शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी तिथे मान्य केलेले आहे. मुळाक्षरे चुकली तर खोडरबर असतो. रस्त्यावरच्या चुकीचे काय होते, ते आकडे सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. महाराष्ट्राचा वाटा १५ हजारांहून अधिक मृत्यूंचा. एखाद्या तापाच्या साथीने राज्यात एका वर्षात इतके बळी घेतले असते तर लस, औषध आणि डॉक्टरांचे प्रशिक्षण यांवर विधिमंडळात दिवसचे दिवस चर्चा झाली असती. अपघाताला मात्र अजूनही नशिबाच्या खात्यात टाकले जाते. फार तर खड्ड्यांच्या.

खड्डे, रस्त्याची रचना, वेग, मद्य, हेल्मेट, ट्रॉमा केअर ही सगळी कारणे खरी आहेत आणि अपघात कमी करायचे तर त्या सगळ्यांवर काम व्हायला हवे. शिकवणारा सुधारला की मृत्यू थांबतील, असा दावा कोणी करू नये. पण चालकाला नेमके काय शिकवले गेले, हा प्रश्न आपल्याकडे या यादीतही सापडत नाही.

नवा चालक आणि सरावलेला चालक यांच्यातला खरा फरक हातापायांत नसून डोळ्यांत असतो. १९७२ मध्ये मूरंट आणि रॉकवेल या अमेरिकी संशोधकांनी गाडी चालवणाऱ्यांची नजर कुठे जाते, ते यंत्राने टिपले. नवखे चालक गाडीच्या नाकासमोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. आरसे ते क्वचितच पाहत. अनुभवी चालकांची नजर लांबवर जात होती आणि आजूबाजूला फिरत होती. पुढच्या पन्नास वर्षांत अशा बऱ्याच अभ्यासांतून हे चित्र अधिक स्पष्ट होत गेले. नवख्याच्या मेंदूची कामचलाऊ स्मृती क्लच, गिअर, स्टिअरिंग यांनीच भरून गेलेली असते. तिच्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. सरावाने हातापायांच्या हालचाली आपोआप होऊ लागल्या की जागा मोकळी होते आणि मग समोरच्या रिक्षाचे चाक किंचित डावीकडे वळले आहे, म्हणजे ती प्रवाशासाठी थांबणार, हे दिसू लागते. थांबलेल्या एसटीच्या खालून पलीकडे दोन पाय दिसतात, म्हणजे कोणीतरी रस्ता ओलांडायच्या तयारीत आहे, हे ध्यानात येते.

गोची अशी की ज्याला हे सगळे आपोआप दिसते, त्याला ते सांगता येत नाही. वीस वर्षे गाडी चालवणाऱ्याला विचारले, ‘तुम्ही आत्ता ब्रेकवर पाय का ठेवलात?’ तर तो म्हणेल, ‘अंदाज आला.’ तो अंदाज कशावरून आला, त्याचे तुकडे कसे करायचे, ते कोणत्या क्रमाने शिकाऊच्या पुढे ठेवायचे, हे वेगळे कौशल्य आहे. पट्टीच्या गवयाला गळा असतो म्हणून तो चांगला गुरू होतोच असे नाही. हे आपल्याकडे गाण्याच्या बाबतीत सगळ्यांना पटते.

मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत डावीकडे बसलेल्या ‘सरां’चे एक ठरलेले बोलणे असते. क्लच दाब. फर्स्ट टाक. सोड, सोड, हळू सोड. हॉर्न दे. सेकंड. शिकाऊ हे ऐकतो आणि करतो. चूक होऊ लागली की सरांचा उजवा हात स्टिअरिंगवर येतो आणि पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर. दुहेरी ब्रेक-क्लच हे सुरक्षेचे उत्तम साधन आहे आणि ते असलेच पाहिजे. पण शिक्षक त्याच्या भरवशावर शिकवू लागला की शिकाऊला आपली चूक कुठे झाली, हे कळतच नाही. गाडी थांबली, एवढेच त्याला समजते. कोणी थांबवली, का थांबवली, किती आधी थांबवायला हवी होती, याची चर्चा होत नाही. कारण तोवर पुढची आज्ञा आलेली असते. एकविसाव्या दिवशी तो चाचणी ट्रॅकवर गाडी नीट वळवतो, चढावर थांबवून पुन्हा सुरू करतो, उलटी घेतो आणि लायसन्स मिळवतो. मग पहिल्यांदा एकटा हायवेला लागतो, तेव्हा डावीकडचा आवाज बंद झालेला असतो.

दोष या शिक्षकांचा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांतले बरेचजण संयमी आहेत. सकाळी सहापासून रात्रीपर्यंत एकामागून एक नवख्या माणसांशेजारी जीव मुठीत धरून बसण्याचे काम सोपे नाही. कैक गृहिणींना, साठीच्या आजोबांना त्यांनी हिंमत दिली आहे. त्यांना स्वतःला मात्र शिकवावे कसे, हे कोणी शिकवलेले नाही. ते जसे शिकले, तसे ते शिकवतात.

कागदावर अभ्यासक्रम आहे, आणि तो वाटतो तितका वाईट नाही. एकतिसाव्या नियमानुसार खासगी वापराच्या मोटारीसाठी प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे आणि प्रत्यक्ष चालवणे किमान दहा तासांचे हवे. रस्त्यावरच्या इतरांचा अंदाज घेणे, निर्णय करणे, गाडीची जागा ठरवणे हे विषय त्यात लिहिलेले आहेत. प्रथमोपचारही आहे. आता एखाद्या वाचकाने आपल्या ओळखीत मोटार स्कूलमधून शिकलेल्या दहा जणांना विचारावे, की रक्तस्राव थांबवण्यासाठी काय करायचे हे तिथे कोणी दाखवले होते का. अंदाज घ्यायला कसे शिकवायचे, जखमेवर दाब कसा द्यायचा, हे ज्याने शिकवायचे त्याला ते येते की नाही हे तपासलेलेच नसेल, तर अभ्यासक्रमातला तो मजकूर केवळ छपाईपुरता उरतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो विज्ञानाच्या बाजूने येतो म्हणून टाळता येत नाही. चालक प्रशिक्षणाने अपघात कमी होतात, याचा पुरावा आहे का? अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डिकॅल्ब परगण्यात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुमारे १६ हजार शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे तीन गट केले. एकाला सुमारे ७० तासांचे सविस्तर प्रशिक्षण, दुसऱ्याला लायसन्सपुरते, तिसऱ्याला शाळेकडून काहीच नाही. ज्यांच्यावर सर्वाधिक मेहनत घेतली, त्यांच्या अपघातांत सुरुवातीला थोडासा फरक दिसला आणि तो टिकला नाही. नॉर्वेने १९७९ मध्ये निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे केले, तर तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यांवरचे अपघात वाढले. शालेय चालक शिक्षणाच्या अभ्यासांचा कोक्रेनने घेतलेला आढावाही निराशच करणारा आहे: अशा शिक्षणामुळे मुलांना लायसन्स लवकर मिळते, अपघात कमी झाल्याचा पुरावा मिळत नाही.

मग शिक्षक घडवण्यावर पैसा का घालवायचा?

याचे उत्तर स्वीडनमधल्या एका छोट्या प्रयोगात मिळते. नील्स पेटर ग्रेगर्सन यांनी १९९६ मध्ये तो प्रसिद्ध केला. ५३ शिकाऊ चालकांचे दोन गट केले. दोघांनाही निसरड्या पृष्ठभागावर ब्रेक लावणे, अडथळा चुकवणे यांचा तेवढाच वेळ सराव दिला. पहिल्या गटाच्या शिक्षकांनी कौशल्य शिकवले: असे करा, पुन्हा करा, आता जमले. दुसऱ्या गटाच्या शिक्षकांनी त्याच सरावातून कौशल्याची मर्यादा दाखवली: बघा, जमेल असे वाटले होते, जमले नाही. आठवड्याने दोन्ही गटांची परीक्षा घेतली तेव्हा प्रत्यक्ष कौशल्य सारखेच निघाले. आपल्याला किती जमेल याचा पहिल्या गटाचा अंदाज मात्र दुसऱ्यापेक्षा फुगलेला होता. म्हणजे वेळ आणि सराव तोच ठेवून केवळ शिकवण्याची पद्धत बदलली आणि दोन वेगळ्या मनोवृत्तींचे चालक तयार झाले. नॉर्वेतल्या तरुणांचेही असेच झाले असावे, हा निष्कर्ष त्यानंतर पुष्कळांनी मान्य केला. आत्मविश्वास देणे हे चालक प्रशिक्षणातले सर्वांत सोपे काम आहे आणि जाहिरातीत खपणारेही तेच आहे.

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या एस्को केस्किनेन यांच्या विचारांतून पुढे युरोपात चार पायऱ्यांचा आराखडा उभा राहिला. गाडी हाताळणे ही सर्वांत खालची पायरी. त्यावर रहदारीतले प्रसंग सांभाळणे. त्याहून वर प्रवासाचा हेतू आणि परिस्थिती: कुठे, कधी, कोणाबरोबर, कशासाठी निघालो आहोत. सर्वांत वर माणसाचा स्वभाव, घाई, मित्रांसमोर दाखवण्याची हौस, राग आवरण्याची ताकद. वरची पायरी खालच्यांवर हुकमत गाजवते. गाडी उत्तम हाताळणारा मुलगा चार मित्रांना घेऊन पहाटे दोनला लोणावळ्याहून परत निघाला, तर त्याचे उत्तम हाताळणे कितपत उपयोगी पडेल हे वरच्या दोन पायऱ्या ठरवतात. आपल्याकडचे शिक्षण पहिल्या पायरीवर संपते, क्वचित दुसरीला स्पर्श करते. आणि वरच्या पायऱ्या आज्ञा देऊन शिकवता येत नाहीत. तिथे प्रश्न विचारावे लागतात, ऐकावे लागते, शिकाऊलाच बोलते करावे लागते. त्यासाठीच शिक्षकाला तयार करावे लागते.

काही देशांनी हे केले आहे. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन मोटार शिकवायची तर सरकारी नोंदवहीत नाव असावे लागते. ही नोंदणी १९६४ मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झाली आणि १९७० मध्ये सक्तीची झाली. तीन परीक्षा असतात. पहिली लेखी आणि धोका ओळखण्याची, दुसरी स्वतः गाडी चालवण्याची. तिसरी परीक्षा आपल्या दृष्टीने महत्त्वाची. उमेदवार खऱ्या शिकाऊला खराखुरा धडा देतो आणि परीक्षक मागच्या सीटवर बसून पाहतो. सतरा मुद्द्यांवर प्रत्येकी शून्य ते तीन गुण: धडा शिकाऊच्या गरजेप्रमाणे आखला का, धोक्याची जबाबदारी कोणाकडे किती हे दोघांना स्पष्ट होते का, चूक समजावली का, शिकाऊला विचार करायला लावले का. एकूण ५१ पैकी ३१ गुणांना उत्तीर्ण. पण धोका सांभाळण्याच्या विभागात पंधरापैकी सात किंवा कमी मिळाले तर बाकीचे कितीही असोत, नापास. पास झाल्यावरही दर चार वर्षांच्या मुदतीत परीक्षक पुन्हा मागच्या सीटवर येऊन बसतो. गुन्ह्यांची पार्श्वभूमीही तपासली जाते. बंद गाडीत तरुण मुलामुलींबरोबर तासन् तास एकटे असण्याचा हा व्यवसाय आहे, हे तिथे विसरलेले नाहीत.

जर्मनीत शिक्षक होण्याचे प्रशिक्षण साधारण वर्षभराचे असून त्यातले शेवटचे काही महिने प्रत्यक्ष मोटार स्कूलमध्ये उमेदवारी करावी लागते. नॉर्वे याहून पुढे गेला. तिथे मोटार शिकवणाऱ्याला दोन वर्षांचा उच्च शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो नूर्ड विद्यापीठात शिकवला जातो. लोकसंख्या आणि पैसा पाहता नॉर्वेची नक्कल आपल्याला परवडणार नाही, आणि करूही नये. मागच्या सीटवर बसणाऱ्या परीक्षकाला मात्र विद्यापीठ लागत नाही.

आपल्याकडे हा विषय आता निकडीचा झाला आहे, त्याला कारण २०२१ चे नवे नियम. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची तरतूद लागू झाली. हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम, त्यात २१ तास प्रात्यक्षिक. सिम्युलेटर, स्वतंत्र चाचणी मार्ग, किमान एक एकर जागा. शिक्षकासाठी दहावीऐवजी बारावी. आणि अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओच्या वाहन चाचणीतून सूट. तास वाढले, साधने आली, हे चांगलेच झाले. पण त्या सुटीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पूर्वी मोटार स्कूलचा शिक्षक कच्चा असला तरी पुढे निदान आरटीओचा निरीक्षक उभा होता. ती चाचणी किती कडक असे, हा वेगळा विषय. तरी ती दुसऱ्या कोणाच्या हातात होती. आता शिकवणारी संस्थाच आपल्या विद्यार्थ्याला पास करणार. फी भरणाऱ्याला नापास करण्याचे धैर्य तिच्यात कुठून येणार? अशा व्यवस्थेत जनता आणि कच्चा चालक यांच्यामध्ये उभा असलेला शेवटचा माणूस म्हणजे तो शिक्षक. त्याच्या पात्रतेवर यापुढे तरी सर्वाधिक लक्ष द्यायला हवे. प्रत्यक्षात चर्चा रंगते ती एकरांची आणि सिम्युलेटरची, कारण ती मोजता येतात.

प्रमाणपत्र आले की त्याचा बाजार भरेल, ही भीती खोटी नाही. शिक्षकांसाठी आणखी एक लेखी परीक्षा काढली तर तिच्या उत्तरांची पुस्तिका आठवड्याभरात आरटीओच्या दारात विकायला येईल. म्हणूनच परीक्षा लेखी नको, प्रत्यक्ष धड्याची हवी. गाडीत एक छोटा कॅमेरा लावून धड्याचे चित्रण ठेवले आणि वर्षातून दोन-चार धडे दुसऱ्या जिल्ह्यातल्या परीक्षकाने कोणतेही निवडून पाहिले, तर ओळखीपाळखीला बराच आळा बसेल. दुसरी अडचण पोटाची आहे. लहान गावातल्या एका गाडीच्या मोटार स्कूलला नवा खर्च झेपणार नाही. ते बंद पडले तर मुले काकाच्या शेजारी बसून शिकतील. कायद्यानुसार शिकाऊच्या शेजारी बसलेला पक्क्या लायसन्सचा कोणीही माणूस ‘शिक्षक’च ठरतो. तेव्हा आज काम करणाऱ्या शिक्षकांना बाहेर काढून चालणार नाही, त्यांनाच वर आणावे लागेल. त्यासाठी सुरुवातीला दहा-पंधरा दिवसांचा अभ्यासवर्ग पुरे: धोका बोलून दाखवत गाडी चालवणे, आज्ञेऐवजी प्रश्न विचारणे, ब्रेक कधी दाबायचा नाही हे ठरवणे, चुकीनंतर गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटे बोलणे, आणि प्रथमोपचार. त्याचा खर्च शासनाने उचलावा. भोसरीची केंद्रीय रस्ते परिवहन संस्था, एसटीची प्रशिक्षण यंत्रणा, जिल्हा रुग्णालये हे सगळे राज्यात आधीपासूनच आहे.

दुचाकीचा प्रश्न तर याहून अवघड. २०२२ मधील मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते, आणि दुचाकी शिकायला मोटार स्कूलमध्ये जाण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाहीच. गल्लीत, मैदानात, थोरल्या भावाच्या मागे बसून ती येते. तिथे शिक्षक कोण आणि त्याला प्रमाणपत्र कसले, याचा स्वतंत्र विचार करावा लागेल.

चारचाकीचे काम मात्र उद्या सुरू करता येईल इतके सोपे आहे. परवाना आज शाळेला मिळतो, पाच वर्षांसाठी. तो भिंतीवर लावलेला असतो. शिक्षकाचे नाव, त्याची पात्रता आणि शेवटची तपासणी कधी झाली हे सांगणारे कार्ड ब्रिटनप्रमाणे गाडीच्या काचेवर लावायला लावले, तर फी विचारणारा पालक तेही विचारू लागेल. आणि प्रत्येक मोटार स्कूलमध्ये नमुना १५ ची नोंदवही असते. शिकाऊने कोणत्या दिवशी किती वेळ गाडी चालवली, हे त्यात लिहून त्याची आणि शिक्षकाची सही घेतात. त्याच वहीत एक रकाना वाढवायचा: आज काय शिकवले.